ब्रेकमधला बुडबुडा

गेल्या मे महिन्यात आईबाबांना घेऊन महाबळेश्वरहून परत येत होतो. पसरणीचा घाट अर्धा उतरलो आणि ब्रेकचं पेडल पायाखाली स्पंजासारखं मऊ लागायला लागलं. दाबतोय, दाबतोय, गाडी मात्र आरामात चाललीये! दुसऱ्या गियरवर आणली, हँडब्रेक हळूहळू ओढत कडेला लावली. आईला वाटलं फोटो काढायला थांबलोय. बाबांना कळलं होतं, पण ते काही बोलले नाहीत. अर्ध्या तासाने पेडल बरंचसं परत आलं, आणि रांगत रांगत वाईत उतरलो.

घरी येऊन वाचायला बसलो (सवय, दुसरं काय!) आणि थेट १९१७ सालात पोचलो.

तेव्हा गाड्यांचे ब्रेक सळ्या आणि तारांवर चालायचे. सगळ्या चाकांना सारखा जोर मिळणं महाकठीण. एक तार जरा सैल पडली की गाडी एका बाजूला ओढायची. पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवलं होतं की कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. ते ब्रेकला लावून १९१७ मध्ये पेटंट घेणारा माणूस म्हणजे अमेरिकेतला माल्कम लॉकहीड. हो, विमानवाले लॉकहीड तेच! मूळ स्पेलिंग लोक 'लॉगहेड' असं वाचायचे, म्हणून भावांनी ते बदललं.

१९२१ च्या ड्यूसेनबर्गमध्ये चारही चाकांना हे ब्रेक आले, १९२४ मध्ये क्रायस्लरने ते तुलनेने स्वस्त गाडीत आणले. गळणाऱ्या चामड्याच्या सीलऐवजी त्यांनी रबर वापरलं. हेन्री फोर्ड मात्र १९३९ च्या मॉडेलपर्यंत अडून बसला. पेडलपासून चाकापर्यंत पोलाद, अशी जाहिरातच करायचा.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा हट्टी होता. पण त्या शंकेत तथ्य होतं. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले! त्यावरचं उत्तर म्हणजे दोन स्वतंत्र सर्किट, आणि अमेरिकेत ती नव्या कार्सना सक्तीची झाली थेट १९६८ मध्ये.

मग माझ्या गाडीत दोन सर्किट असून घाटात काय झालं? ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर ही हमी १४० वर येते. घाटात सतत ब्रेक दाबला की ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. माझं ऑइल चार वर्षांचं, पुस्तकात लिहिलं होतं दर दोन वर्षांनी बदला. दोन सर्व्हर ठेवले, पण दोन्हींवर तोच बग. चूक लॉकहीडची नाही, माझी!

शनिवारी कामाला लागलो. पेडल भराभर मारलं की घट्ट होत होतं, म्हणजे आत हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं असतं, तर मास्टर सिलिंडर खराब किंवा कुठेतरी गळती, आणि मग सरळ मेकॅनिक. तसं नव्हतं. डबीतली पातळी ठीक, चाकांच्या आतून ओल नाही.

गाडी स्टँडवर (नुसत्या जॅकवर कधीच विसंबू नका), निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. बाबा सीटवर.

"दाबा. धरून ठेवा."

"धरलं."

निपल अर्धा फेरा सैल, काळ्या चहासारखं ऑइल आणि बुडबुडे बाहेर, निपल घट्ट. "सोडा." घट्ट करायच्या आधी पाय सुटला तर हवा परत आत! पुस्तकातल्या क्रमाने, माझ्या गाडीत मागच्या डाव्या चाकापासून, चारही चाकं केली. दर थोड्या वेळाने डबीत नवं ऑइल. डबी रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात. एबीएसवाल्या काही गाड्यांना स्कॅनर लागतो, तिथे हा उद्योग नको. आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

शेवटी पेडल दगडासारखं! आधी सोसायटीच्या आवारात पायी चालायच्या वेगाने चार चकरा मारल्या.

बाबा उतरले, हात पुसले आणि एवढंच म्हणाले, "आता तारीख लिहून ठेव."

बॉनेटच्या आत चिकटवून ठेवलीये.