मदतीचा अर्ज आणि मदतीची अट

पदवी हाती आल्यावर पुढील शिक्षणासाठी दूरदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला दोन अर्ज करावे लागतात. पहिला अर्ज प्रवेशाचा. त्यात आपली गुणवत्ता सांगायची असते आणि ती सांगताना मान ताठ राहते. दुसरा अर्ज अर्थसाहाय्याचा. त्यात घरचे उत्पन्न, वडिलांचा व्यवसाय, पाठच्या भावंडांची संख्या, डोक्यावरील कर्ज असे सारे उघडे करून मांडावे लागते. हा दुसरा अर्ज लिहिताना भल्याभल्यांची लेखणी अडखळते. नेरळ-कर्जत परिसरातून पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या महाविद्यालयात जाणारी मुले-मुली आपल्या धर्मग्रामांतही आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने असा अर्ज करायचे ठरवले, तर आपण काही अभूतपूर्व करीत आहोत असे त्याने मानू नये. या अर्जाला आपल्या भूमीत साडेतीनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो इतिहास चाळताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. मदत कोणी दिली यापेक्षा मदतीबरोबर अट कोणती घातली, हा तो प्रश्न होय.

प्रारंभ आपल्याच ख्रिस्तसभेपासून करू. गोव्याजवळील दिवाडी बेटावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेले मातेउश द कास्त्रो हे ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातील. त्यांना धर्मगुरू व्हायचे होते. परंतु गोव्याचे तत्कालीन आर्चबिशप एतद्देशीयांना गुरुदीक्षा देण्यास राजी नव्हते. गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता. जन्म आड येत होता. मातेउश निराश होऊन घरी बसले नाहीत. खुष्कीच्या मार्गाने, पश्चिम आशियातून मजल दरमजल करीत ते १६२५ साली रोमला पोहोचले. तेथे १६२२ साली ‘प्रोपागांडा फिदे’ ही धर्मप्रसार परिषद स्थापन झाली होती. तिच्या आश्रयाने मातेउश यांनी ईशज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले, त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १६३७ साली ते बिशप झाले. लॅटिन विधीचे ते पहिले भारतीय बिशप होत.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली रोममध्ये ‘कोलेजियो उर्बानो’ हे विद्यालय स्थापिले. दूरदूरच्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांचा राहण्या-शिकण्याचा भार तेथे संस्था उचलीत असे. मोबदल्यात विद्यार्थ्याने शपथ घ्यायची, की शिक्षणानंतर प्रोपागांडा सांगेल त्या मिशनक्षेत्रात सेवा करीन. आजच्या भाषेत याला सेवेचा करार म्हणता येईल. या अटीत विद्यार्थ्याचा अवमान नव्हता. जे शिकलास ते आपल्या लोकांना दे, एवढेच तिचे सांगणे होते.

मातेउश यांच्याकडे सोपवलेले क्षेत्र ‘इदलकान’चे, म्हणजे विजापूरच्या आदिलशहाच्या राज्याचे होते. १६३६ च्या तहानंतर कल्याणकडील मुलूख आदिलशाहीकडे गेला होता. म्हणजे नेरळ-कर्जतची भूमी कागदोपत्री का होईना या बिशपांच्या कार्यक्षेत्राच्या कक्षेत येत होती. आपला रायगड जिल्हा आज ज्या मुंबई महाधर्मप्रांतात मोडतो, त्याचे मूळही इतिहासकार याच व्हिकरिएटपर्यंत नेऊन भिडवतात. गोव्याच्या सत्ताधाऱ्यांनी मात्र त्यांचा अधिकार मान्य केला नाही. परदेशातील पदवी घेऊन आल्यावरही घरचे दार बंदच राहू शकते, हा अनुभव त्यांनी घेतला. तो अखेरचा नव्हता.

आता दोनशे चाळीस वर्षे ओलांडून नेरळहून रेल्वेने अवघ्या ३३ किलोमीटरांवर असलेल्या कल्याणला येऊ. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुना जोशी, म्हणजेच विवाहानंतरच्या आनंदीबाई, या कल्याणच्या माहेरवाशीण. पती गोपाळराव टपाल खात्यात होते. त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा फिरल्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच गेले, आणि स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी हा विचार त्यांच्या मनात रुजला.

अर्ज प्रथम गोपाळरावांनी केला. कोल्हापुरात असताना, १८७८ साली, त्यांनी अमेरिकन मिशनरी रेव्हरंड वाइल्डर यांना पत्र लिहिले. पत्नीच्या शिक्षणाची सोय व्हावी आणि आपल्याला अमेरिकेत काही काम मिळावे, अशी ती विनंती होती. वाइल्डर हे पूर्वी कोल्हापुरात कार्य केलेले प्रेस्बिटेरियन मिशनरी. त्यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. मात्र मदतीचा मार्ग धर्मांतरातून जातो, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. जोशी दांपत्याने ही अट नाकारली. अर्ज तेथेच संपला असता.

पण तोच छापील पत्रव्यवहार न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती थिओडिसिया कार्पेंटर यांच्या दृष्टीस पडला. १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना त्यांनी तो वाचला. याही ख्रिस्ती बाईच होत्या. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले, आपले घर देऊ केले, आणि धर्माची अट घातली नाही. एकाच मासिकाचे तेच पान. एका ख्रिस्ती माणसाने त्यावर अट लिहिली आणि दुसऱ्या ख्रिस्ती व्यक्तीने त्यातून केवळ गरज वाचली. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या प्रत्येक वाचकाने येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण केले. आपण अमेरिकेला का जातो, एकट्याच का जातो, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, हे त्यांनी लोकांसमोर मांडले. एका अर्थी हाही अर्जच होता. तो समाजापुढे केलेला होता. त्यानंतर वर्गणी जमली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच महिन्यात रोझेलहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज धाडला. आपले शिक्षण तुटपुंजे आहे, प्रवेशाच्या साऱ्या अटी पुऱ्या होत नाहीत, हे त्यांनी लपवले नाही. मात्र आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात आणि त्यांच्यासाठी आपण शिकू इच्छितो, हे कारण त्यांनी ठामपणे नोंदवले. अर्थसाहाय्याचा अर्ज कसा असावा याचा हा उत्तम नमुना आहे. त्यात उणिवांची कबुली आहे, लाचारी मुळीच नाही, आणि अर्जदारापेक्षा अर्जाचा हेतू मोठा आहे. अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांच्या महाविद्यालयाने तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या.

पुढचे दुःख महाराष्ट्राला ठाऊक आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली होती. परंतु क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कल्याणहून पुण्याला जाणारी आगगाडी नेरळ-कर्जतवरूनच घाट चढते. त्यांचा अखेरचा प्रवास आपल्या दारावरून झाला.

आनंदीबाईंना धर्माची अट आडवी आली. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना ती येण्याचे कारण नव्हते. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकल्या आणि पदवी परीक्षेत अव्वल आल्या. अशा विद्यार्थ्याला इंग्लंडमधील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती यांना नाकारण्यात आली, कारण त्या स्त्री होत्या. येथे मागण्याचा प्रश्नच नव्हता. परीक्षेने मिळवून दिलेला हक्क होता, आणि तो नियमाच्या एका शब्दात बुडाला.

कॉर्नेलियांनी अहमदाबादच्या गुजरात महाविद्यालयात अध्यापन पत्करले आणि प्रयत्न चालू ठेवले. इंग्लंडमध्ये लेडी मेरी हॉबहाउस यांनी ‘टाइम्स’मध्ये त्यांची बाजू मांडली. निधी उभारला गेला. त्याला हातभार लावणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न होते. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. कायद्याची ‘बी.सी.एल.’ परीक्षा त्यांनी १८९२ साली दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र हाती यायला १९२२ साल उजाडले. सरकारने नाकारलेले लोकांनी वर्गणी काढून भरून दिले, हे या प्रकरणाचे तात्पर्य. मात्र वर्गणी हे हक्काला पर्याय नव्हे, हेही त्याबरोबरच ध्यानी घ्यावे. ज्या मुलीची बाजू ‘टाइम्स’मध्ये मांडायला कोणी नव्हते, तिने काय करायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर १८९२ साली जमशेटजी टाटांनी दिले. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयांकरिता त्यांनी कायमस्वरूपी निधी स्थापन केला. ही मदत त्यांनी कर्जाच्या रूपाने ठेवली. घेणाऱ्याने शिकावे, कमवावे आणि परत करावे, म्हणजे तीच रक्कम पुढच्याच्या उपयोगी पडेल. या योजनेत अर्जदार याचक उरत नाही; पुढच्या अर्जदाराचा तो दाता होतो. या निधीच्या आरंभीच्या मानकऱ्यांत फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर या दोन महिला डॉक्टर होत्या, ही गोष्ट आनंदीबाई आणि कॉर्नेलिया यांच्या पार्श्वभूमीवर विशेष समाधान देते.

चौथा अर्जदार भीमराव आंबेडकर. मुंबईत पदवी घेतलेल्या या तरुणाचे वडील फेब्रुवारी १९१३ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावी, ही अट. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी या तीन वर्षांचा कण न् कण कारणी लावला. पुढे ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अर्धवट शिक्षण सोडून परतावे लागले.

कराराप्रमाणे ते बडोद्यात हजर झाले. अट पाळायला अर्जदार सिद्ध होता. परंतु त्या शहरात अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. कोलंबियाची पदवी जवळ असलेला हा विद्वान मुंबईला परतला. मातेउश यांच्या बाबतीत जे गोव्यात घडले तेच वेगळ्या रूपाने बडोद्यात घडले. सेवेची अट घालणाऱ्याने ती सेवा करू देण्याची जबाबदारीही उचलायला हवी, हा धडा दोन्हीकडून मिळतो. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन डॉ. आंबेडकर १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि अपुरे शिक्षण त्यांनी पूर्ण केले. पुढे १९४४ साली केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. एकेकाळी राजाच्या कृपेवर अवलंबून असलेली मदत कायद्याच्या आणि नियमाच्या कक्षेत येऊ लागली.

नियमांनाही अटी असतात. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाने हा दर्जा धर्माशी बांधला. शीख दलितांचा समावेश १९५६ साली आणि बौद्धांचा १९९० साली झाला, पण ख्रिस्ती दलितांना त्यात स्थान मिळाले नाही. वाइल्डर यांनी ख्रिस्ती झाल्यास मदत देऊ केली. या आदेशाने ख्रिस्ती झाल्यास मदत काढून घेतली. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याची गरज बाजूला राहिली आणि श्रद्धेची चौकशी पुढे आली. कर्जत-खालापूरच्या कातकरी-ठाकर बांधवांना मात्र अनुसूचित जमातींचा दर्जा धर्मनिरपेक्ष मिळतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या मुलांना आवर्जून सांगावे. अल्पसंख्याकांतील संशोधकांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजासाठी असलेली ‘पढो परदेश’ योजना, या दोन्ही २०२२-२३ पासून बंद झाल्या. सरकारी दार एकदा उघडले म्हणजे ते उघडेच राहते असे नाही.

म्हणून आपापल्या धर्मग्रामांतील शिक्षणनिधीकडे पुन्हा पाहण्याची वेळ आली आहे. नेरळच्या मातीला ही कल्पना परकी नाही. माथेरानला जन्मलेले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले वकील भाई कोतवाल यांनी याच परिसरात खेड्यापाड्यांतून शाळा चालवल्या आणि अडल्यानडल्या शेतकऱ्यासाठी धान्यकोठीची योजना राबवली. कोठीतले धान्य गरजेला न्यावे आणि सुगीला परत भरावे. जमशेटजींच्या निधीचे आणि या कोठीचे तत्त्व एकच.

आपल्या निधीचेही तेच असावे. अर्ज करणाऱ्याला दारोदार फिरावे लागू नये. त्याच्या घरची अडचण समितीबाहेर जाऊ नये. निकाल प्रवेशाची मुदत टळण्यापूर्वी मिळावा. अट घालायचीच तर परतफेडीची घालावी, आणि तीही पुढच्या विद्यार्थ्यासाठी. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण आपण दानधर्मापुरती मानतो; शिष्यवृत्तीचे धनादेश मात्र व्यासपीठावर बोलावून, छायाचित्र काढून देतो. ज्याला मदत हवी आहे त्याने अर्ज करताना आनंदीबाईंचा ताठपणा आठवावा. ज्यांच्या हाती मदत देणे आहे त्यांनी रोझेलच्या कार्पेंटरबाई आठवाव्यात. दंतवैद्याच्या दारात बसून त्यांनी एका अनोळखी मुलीची गरज वाचली आणि उत्तर धाडताना तिचा धर्म विचारला नाही.