एमकॉम, एमबीएची इंटर्नशिप : क्रेडिट कसे मिळतात, घरच्यांनी काय बघावे?

एमकॉम किंवा एमबीएला असलेला मुलगा सुट्टीत घरी येतो आणि सांगतो, "आता दोन महिने कंपनीत काम करायचंय, त्याचे क्रेडिट मिळणार." घरात लगेच प्रश्न सुरू होतात. ही नोकरी आहे का? पगार किती? फी कॉलेजला भरली, मग काम दुसरीकडे कशाला? इंटर्नशिप ही आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही. ती अभ्यासक्रमाचाच भाग आहे आणि ती पूर्ण झाली नाही तर पदवी अडकते. त्यामुळे विद्यार्थ्याइतकीच पालकांनाही तिची माहिती हवी.

क्रेडिट म्हणजे काय?

पूर्वी फक्त मार्क होते. आता प्रत्येक विषयाला किती तास दिले त्यावरून क्रेडिट ठरतात. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार ३० तासांच्या शिक्षणाला १ क्रेडिट धरतात. वर्गातले तास, प्रात्यक्षिक आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव, सगळे यात येते. ठरलेले क्रेडिट जमा झाले की पदवी मिळते.

हे क्रेडिट 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या ऑनलाइन खात्यात जमा होतात. ही सोय २०२१ मध्ये सुरू झाली. डिजिलॉकरवरून खाते काढता येते. पासबुकात जशी रक्कम दिसते तसे यात क्रेडिट दिसतात. मात्र ते विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाहीत, कॉलेज आणि विद्यापीठाकडूनच जमा होतात.

एमकॉमला किती, एमबीएला किती?

महाराष्ट्र शासनाच्या १६ मे २०२३ च्या निर्णयानुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे एकूण ८८ क्रेडिट आहेत, म्हणजे प्रत्येक सत्राला २२. त्यात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राला 'ऑन जॉब ट्रेनिंग' किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४ क्रेडिट ठेवले आहेत. एमकॉमच्या विद्यार्थ्याला हेच लागू होते. ३० तासांच्या हिशेबाने ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. रोज सहा तास काम केले तर २० दिवस लागतात.

एमबीएचा कालावधी मोठा असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रानंतर आठ आठवड्यांचा 'समर इंटर्नशिप प्रोजेक्ट' आहे. त्याचा अहवाल आणि तोंडी परीक्षा तिसऱ्या सत्रात होते.

तासांचा हिशेब सगळीकडे एकच नाही. एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात १ क्रेडिटसाठी ४० ते ४५ तास धरले आहेत. म्हणून मित्राच्या कॉलेजचा नियम आपल्याला लागू होईल असे समजू नये. आपल्या विद्यापीठाचा, आपल्या वर्षाचा अभ्यासक्रम विभागातून मागून घ्यावा.

पुण्या-मुंबईलाच जावे लागते का?

नाही. काम विषयाशी जोडलेले हवे आणि कॉलेजची मंजुरी हवी. तालुक्याच्या ठिकाणीही वाणिज्य आणि व्यवस्थापनाचे काम भरपूर असते:

- पतसंस्था किंवा सहकारी बँक : कर्जाच्या फायली, थकबाकीची यादी, वसुलीचा आढावा
- दूध संघ : संकलन केंद्रांचा हिशेब, वाहतुकीचा खर्च
- शेतकरी उत्पादक कंपनी : खरेदी, प्रतवारी, विक्रीचे दर, सभासदांचे पेमेंट
- सीएचे ऑफिस : जीएसटी, हिशेब तपासणी
- साखर कारखाना, जिनिंग, कोल्ड स्टोरेज : भांडार, मजुरी, मालाची आवक-जावक
- ट्रॅक्टर, बियाणे, खतांचे विक्रेते : साठा, उधारी, ग्राहकांची माहिती

गावाजवळ काम मिळाले तर खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च वाचतो. मुलींना रोजचे येणे-जाणेही परवडते, कारण १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. मात्र नुसते काउंटरवर बसून दिवस भरले तर अहवालात लिहायला काही उरत नाही. 'वर्षभरात कोणत्या महिन्यात थकबाकी वाढते आणि का' असा एक नेमका प्रश्न घेतला तर अहवालही चांगला होतो आणि संस्थेलाही उपयोग होतो.

क्रम चुकवू नये

१. आधी कॉलेजच्या मार्गदर्शक शिक्षकांना जागा आणि विषय सांगून मंजुरी घ्यावी. आधी काम आणि मागून परवानगी, असे केले तर तास नाकारले जाऊ शकतात.
२. कॉलेजचे पत्र घेऊन संस्थेत जावे. तिथून लेटरहेडवर स्वीकृतीपत्र घ्यावे. त्यात तारखा, विभाग आणि देखरेख करणाऱ्याचे नाव असावे.
३. रोजची हजेरी आणि कामाची डायरी ठेवावी. आठवड्याला सही घ्यावी. शेवटच्या दिवशी महिन्याभराच्या सह्या एकदम मागू नयेत.
४. संस्थेच्या खातेदारांची नावे, खाते क्रमांक, मोबाइल नंबर अहवालात टाकू नयेत. आकडे वापरण्याची परवानगी घ्यावी.
५. काम संपल्यावर प्रमाणपत्र घ्यावे, अहवाल वेळेत द्यावा आणि तोंडी परीक्षेला हजर राहावे.
६. निकालानंतर क्रेडिट खात्यात जमा झाले का, ते बघावे. नसतील तर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्यावा.

पैसे मिळतात का?

क्रेडिटसाठीच्या इंटर्नशिपला विद्यावेतन द्यायलाच हवे, असे बंधन नाही. काही संस्था देतात, काही फक्त प्रवासखर्च देतात, बऱ्याच काहीच देत नाहीत. पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्यावे. शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, वेगळी. ती १९६१ च्या कायद्याखाली होते आणि तिथे विद्यावेतन द्यावेच लागते.

इथे आणखी एक गोंधळ होतो. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना, दोन्ही २०२४ मध्ये सुरू झाल्या. दोन्हींत दरमहा पैसे मिळतात, म्हणून घरचे म्हणतात, "त्यातच अर्ज कर." पण सुरुवातीच्या अटींनुसार राज्याची योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही आणि केंद्राची योजना पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नाही. कॉलेजचे क्रेडिट आणि या योजना एक समजून अर्ज भरला तर वेळ जातो आणि दोन्हीकडून हात रिकामे राहतात.

विकतच्या प्रमाणपत्रापासून सावध

'दोन-तीन हजार भरा, घरबसल्या इंटर्नशिपचे सर्टिफिकेट मिळवा' असे मेसेज सुट्टीच्या तोंडावर फिरतात. मंजुरी नसेल तर अशा कागदाला क्रेडिट मिळत नाही. तोंडी परीक्षेत "तिथे रोज काय करत होतात?" एवढा एक प्रश्न आला तरी बिंग फुटते. काम देणारा आधी रजिस्ट्रेशन फी किंवा डिपॉझिट मागत असेल, मूळ मार्कशीट ठेवून घेत असेल किंवा ओटीपी विचारत असेल तर तिथून निघावे. एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवर जागा शोधायला विद्यार्थ्यांना पैसे लागत नाहीत.

राहिली तर काय?

आजारपण, घरातले दुःख किंवा ऐन हंगामातले शेतीचे काम, यामुळे तास अपुरे राहू शकतात. अशा वेळी गप्प बसू नये. मार्गदर्शकांना लगेच लेखी कळवावे आणि उरलेले तास कधी भरता येतील ते विचारावे. बाकी सगळे विषय पास असले तरी या ४ क्रेडिटशिवाय ८८ पूर्ण होत नाहीत, आणि ८८ पूर्ण झाल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. पुढे बँकेची भरती असो की स्पर्धा परीक्षेची कागदपत्र पडताळणी, तिथे पदवीच मागतात.