दहावी-बारावीनंतर काय? गावात राहून मोबाइलवर शिकणाऱ्या मुलांसाठी प्रवेशाची संपूर्ण माहिती

छत्रपती संभाजीनगर : निकाल मोबाइलवर, प्रवेशाचा फॉर्म मोबाइलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवर आणि क्लासही मोबाइलवर. कोरोनाच्या काळात अधिक रुळलेली ही पद्धत आता कायमची झाली आहे. पण सोयगाव, कन्नड, वैजापूर किंवा पैठण तालुक्यातल्या गावात बसून हा सगळा कारभार समजावून सांगणारं माणूस जवळ नसतं. मग फॉर्म कॅफेवाला भरतो, शाखा मित्र ठरवतो आणि कागदपत्रांची आठवण शेवटच्या तारखेला होते. एका चुकीने वर्ष जाऊ नये, यासाठी दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना उपयोगी पडेल अशी माहिती येथे दिली आहे. ती जपून ठेवावी.

कोरोनाच्या दोन वर्षांनी काय दाखवलं?

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं आणि दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला. २०२१ मध्ये दहावी-बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीचा निकाल नववीच्या गुणांवर आणि शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनावर लागला. तो होता ९९.९५ टक्के. बारावीचा लागला ९९.६३ टक्के. अकरावीसाठी वेगळी सीईटी घ्यायचं ठरलं होतं, पण ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा वर्गात झाली, तीही २५ टक्के अभ्यासक्रम कमी करून.

त्या वर्षांत जवळजवळ सगळेच पास झाले. खरी अडचण पुढे आली. नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान कच्चं राहिलेल्या मुलांनी टक्के पाहून अकरावी सायन्स घेतलं, आणि तिथे त्यांना जड गेलं. म्हणून पहिली गोष्ट ही, की टक्के किती पडले यापेक्षा विषय किती येतो हे पाहून वाट धरावी. दहावीचे टक्के सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर निघतात. गणितात ४० आणि एकूण ८० टक्के, असंही होऊ शकतं. गुणपत्रिकेत गणित आणि विज्ञानाचे गुण वेगळे पाहावेत.

दहावीनंतरच्या चार वाटा

१) अकरावी-बारावी : कला, वाणिज्य, विज्ञान. पुढे पदवी घ्यायची असेल तर ही नेहमीची वाट.

२) पॉलिटेक्निक : तीन वर्षांचा डिप्लोमा. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, वेगळी प्रवेश परीक्षा नसते. डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शहरात शासकीय तंत्रनिकेतन आहे. अर्ज तंत्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर भरतात.

३) आयटीआय : एक किंवा दोन वर्षांचे ट्रेड. काही ट्रेडला दहावी नापास विद्यार्थ्यालाही प्रवेश मिळतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण या औद्योगिक वसाहती जवळ असल्याने आपल्या जिल्ह्यात फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट अशा ट्रेडला मागणी असते. आयटीआयनंतर कंपनीत शिकाऊ उमेदवारी करता येते आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं. दहावी पास आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ताही खुला असतो.

४) काम करत शिक्षण : घरच्या परिस्थितीमुळे शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म आणि मुक्त विद्यापीठ हे पर्याय आहेत. त्यांची माहिती पुढे दिली आहे.

आयटीआय किंवा डिप्लोमाला जाणारं पोरगं म्हणजे अभ्यासात मागे, हा समज अजून अनेक घरांत आहे. तो सोडून द्यावा. हाताला काम आणि पुढे शिकायची सोय, दोन्ही त्यात आहे.

अकरावीचा ऑनलाइन फॉर्म : चुका कुठे होतात?

आधी अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश फक्त मोठ्या शहरांपुरते होते. २०२५-२६ पासून ते संपूर्ण राज्यात लागू झाले. म्हणजे तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयालाही आता थेट जाऊन नाव घालता येत नाही. फॉर्मचे दोन भाग असतात. पहिल्या भागात विद्यार्थ्याची माहिती, दुसऱ्यात महाविद्यालयांचे पसंतीक्रम. पसंतीक्रम कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा देता येतात.

- पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाकावं, जिथे खरोखर जायचं आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं.
- एकच नाव टाकून थांबू नये. आधी हवं ते, मग मिळण्यासारखं, शेवटी नक्की मिळेल असं, या क्रमाने यादी करावी.
- मागच्या वर्षीचा कटऑफ पाहावा. कॉलेजचं नाव मोठं आहे म्हणून नव्हे, तर रोज जाणं-येणं जमतं का, एसटी कितीला आहे, हेही पाहावं.
- फॉर्म कॅफेवर भरला तरी मोबाइल नंबर आणि ईमेल घरचाच द्यावा. ओटीपी, फेरीचा निकाल, त्रुटीचा मेसेज त्याच नंबरवर येतो. लॉगिन आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा.
- भरलेल्या फॉर्मची प्रिंट किंवा पीडीएफ घेतल्याशिवाय कॅफेतून उठू नये. नाव, जातीचा प्रवर्ग, गुण आणि शाखा पालकांसमोर वाचून घ्यावी.

दहावीत एक-दोन विषय राहिले असतील तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळू शकतो. पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये असते. वर्ष वाया गेलं असं समजून घरी बसू नये.

सायन्स घ्यायचं तर गट कोणता?

इंजिनिअरिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हा गट लागतो. डॉक्टरकी, आयुर्वेद, होमिओपॅथीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. अकरावीत गणित सोडलं तर नेहमीच्या इंजिनिअरिंग शाखांचा रस्ता बंद होतो, आणि जीवशास्त्र सोडलं तर नीट देता येत नाही. दोन्ही विषय ठेवले तर दोन्ही वाटा उघड्या राहतात, पण अभ्यास वाढतो. मुलाला एक विषय मुळातच जमत नसेल तर चारही ओढण्यात अर्थ नाही.

कला आणि वाणिज्यही कमी नाहीत. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, शिक्षकी पेशा, बँक, स्पर्धा परीक्षा यासाठी कोणतीही शाखा चालते. शहरात २०१७ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तिथे क्लॅट या परीक्षेतून प्रवेश होतो. राज्यातल्या इतर विधी महाविद्यालयांसाठी सीईटी कक्षाची लॉ सीईटी असते.

बारावीनंतर : कोणत्या कोर्सला कोणती परीक्षा?

- इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएस्सी ॲग्री : एमएचटी-सीईटी. परीक्षा संगणकावर होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. सुमारे २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, बाकी विषयांना एक.
- एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस : नीट. एकूण ७२० गुण. इथे चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो.
- बीबीए, बीसीए : २०२४ पासून यांनाही सीईटी लागू झाली आहे. अनेकांना हे प्रवेशाच्या वेळीच कळतं.
- साधं बीए, बीकॉम, बीएस्सी : बहुतेक महाविद्यालयांत बारावीच्या गुणांवर.

सीईटीचा फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आधीच निघतो. बोर्डाचा निकाल लागल्यावर बघू म्हणणाऱ्याची तारीख निघून गेलेली असते. आणि सीईटी चांगली गेली तरी बोर्डाकडे दुर्लक्ष चालत नाही. इंजिनिअरिंगसाठी बारावीत संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतातच.

शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे आपली घाटी, शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय अशा सरकारी संस्था आहेत. फी कमी असल्याने पसंतीक्रमात त्या आधी टाकाव्यात.

कागदपत्रं : अकरावीतच कामाला लागावं

सर्वात जास्त प्रवेश इथे अडतात. गुण असतात, पण कागद नसतो.

- उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र : सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून.
- जातीचा दाखला : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा घरातला पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा किंवा जुनी महसुली नोंद शोधावी. मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या नोंदी उर्दू किंवा मोडीत असतात, त्यांचं भाषांतर करून घ्यायला वेळ लागतो.
- जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी : व्यावसायिक कोर्सच्या राखीव जागेसाठी गरजेचं. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच महाविद्यालयामार्फत जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा. महिने लागू शकतात.
- नॉन क्रिमीलेअर : ओबीसी, भटके-विमुक्त, एसबीसी आणि एसईबीसी यांना लागतं, अनुसूचित जाती-जमातीला लागत नाही. प्रवेशाच्या वर्षीचं आर्थिक वर्ष संपेपर्यंत ते वैध असावं.
- खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र काढावं.

आधार, दाखला आणि गुणपत्रिका यांवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे ना, हे आत्ताच तपासावं.

पैशाची सोय

शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी पोर्टलवर असतात. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे येत नाहीत. अर्ज दरवर्षी नव्याने चालू ठेवावा लागतो, एकदा भरून भागत नाही.

मुलींसाठी मोठी सवलत आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही. पोरीच्या फीसाठी पैसे नाहीत म्हणून शिक्षण थांबवण्याआधी हा एक मुद्दा नक्की विचारून घ्यावा.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तर ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. एसटीचा मासिक पास विद्यार्थ्यांना सुमारे एक तृतीयांश पैशांत मिळतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत तो मोफत आहे.

घरी बसून अभ्यास करायचा तर

- ई-बालभारतीवर सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. वायफाय किंवा चांगली रेंज असेल तिथे एकदाच उतरवून घ्यावीत.
- दीक्षा ॲपवर धड्यांचे व्हिडिओ आणि सराव मिळतो.
- ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि एसबीसी प्रवर्गातल्या सायन्सच्या विद्यार्थ्यांना महाज्योती संस्था सीईटी, जेईई, नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. त्यासोबत टॅब आणि इंटरनेट डेटाही देते. दहावीच्या निकालानंतर तिची जाहिरात पाहावी.
- शाळा सुटलेल्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी-बारावी द्यावी. बारावीसाठी दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं.
- कामधंदा करत पदवी घ्यायची तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

व्हिडिओ पाहणं म्हणजे अभ्यास नव्हे. तासभर पाहिलं तर तासभर वहीवर सोडवून पाहावं. घरात एकच फोन असेल तर त्याची वेळ ठरवून द्यावी आणि ती वेळ घरच्यांनीही पाळावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*क्लासवाला म्हणतो, कॉलेजला यायची गरज नाही. चालेल का?*
हजेरी आणि प्रात्यक्षिकांचे गुण कॉलेजचेच असतात. पैसे भरण्याआधी कॉलेजची मान्यता तपासावी आणि पावती घ्यावी.

*प्रवेश पक्का करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर?*
केंद्रीय प्रवेश गुण आणि पसंतीक्रमावर संगणक देतो. मध्ये कोणाचीही शिफारस चालत नाही. ओटीपी आणि पैसे दोन्ही देऊ नयेत.

*कोणाला विचारायचं?*
आधी शाळेतल्या वर्गशिक्षकांना, मग जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या किंवा आयटीआयच्या कार्यालयात. तारखा आणि नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजवर न थांबता त्या वर्षीची माहितीपुस्तिका अधिकृत संकेतस्थळावरूनच वाचावी.

निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाले, की त्याच संध्याकाळी आई-वडील आणि मुलांनी एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. कोणता विषय जमतो, घरचा खर्च किती झेपतो आणि कोणता दाखला अजून काढायचा आहे. फॉर्म भरायला त्यानंतर जावं.