दोन कंपन्या, दोन शब्दलांबी

१९८६ साली अमेरिकेतील बरोज कंपनीने आपली प्रतिस्पर्धी स्पेरी सुमारे ४८० कोटी डॉलरना विकत घेतली आणि ‘युनिसिस’ जन्माला आली. हेतू आयबीएमला टक्कर देण्याचा. मुंबईची टाटा बरोजही पुढे टाटा युनिसिस झाली. पाटी बदलणे तसे सोपेच.

ग्राहकांना मात्र धास्ती वेगळीच होती. बरोजची यंत्रे अनेक बँकांत होती, स्पेरीची विमानांच्या आरक्षणात. यांतले कोणते बंद पडणार? शंका निराधार नव्हती. १९७१ मध्ये आरसीएने संगणकाचा धंदा सोडला, तेव्हा तिचे ग्राहक असेच स्पेरीच्या पदरात पडले होते.

अडचण यंत्राच्या रचनेतच होती. संगणक एका वेळी जितके बिट एकत्र हाताळतो, तो त्याचा ‘शब्द’. स्पेरीच्या मोठ्या यंत्रांचा शब्द ३६ बिटांचा, बरोजच्या मोठ्या यंत्रांचा ४८ बिटांचा. एकासाठी तयार केलेली आज्ञावली दुसऱ्यावर जशीच्या तशी चालणे शक्यच नव्हते. वर्षानुवर्षे साठवलेली माहितीही नव्याने मांडावी लागली असती, आणि तो खर्च ग्राहकाच्याच माथी!

अखेर युनिसिसने दोन्ही घराणी चालू ठेवली. आज त्या जुन्या यंत्रांच्या जागी इंटेलचे प्रोसेसर आहेत. पण त्यांच्यावरही सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ३६ आणि ४८ बिटांचे शब्द वेगवेगळेच वठवले जातात.