नक्षीदार आकृती सरकवण्याचा प्रश्न

पडद्यावरची आकृती माउसने ओढली की ती हाताबरोबर सरकली पाहिजे, मागचे चित्र जसेच्या तसे राहिले पाहिजे आणि मध्ये काही लुकलुकता कामा नये. १९८० च्या दशकातल्या वैयक्तिक संगणकावर हे सारे प्रोग्रॅमरलाच करावे लागे. एकरंगी आकृती असली तर कसेबसे निभावून जाई. आत नक्षी भरलेली असली की खरी कसोटी लागे.

सर्वांत स्वस्त उपाय होता एक्सॉर. दोन बिट वेगळे असतील तर एक, सारखे असतील तर शून्य, एवढाच त्याचा नियम. त्यामुळे तीच आकृती त्याच जागी दुसऱ्यांदा काढली की ती पुसली जाते आणि खालचे चित्र आपोआप परत येते. ते वेगळे जपून ठेवण्यासाठी मेमरी लागत नाही. या युक्तीवर कॅडट्रॅक या कंपनीला १९८० मध्ये अमेरिकी पेटंटही मिळाले. इतक्या साध्या क्रियेवर पेटंट द्यावे का, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला.

१९८४ च्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ × ३४२ पिक्सेलचा आणि निव्वळ काळा-पांढरा होता. राखाडी छटा दाखवायची तर नक्षीच वापरावी लागे. बिल अ‍ॅटकिन्सन यांच्या क्विकड्रॉ या मॅकिंटॉशच्या चित्रण-प्रणालीत नक्षी म्हणजे ८ × ८ पिक्सेलचा चौकोन, म्हणजे अवघे ८ बाइट. अर्धा राखाडी रंग हवा तर १७० आणि ८५ हे आकडे आलटून पालटून. ही नक्षी आकृतीच्या कोपऱ्यापासून मोजली जात नसे. ती खिडकीच्या मूळबिंदूला बांधलेली असे. त्यामुळे शेजारशेजारचे दोन भाग वेगवेगळे रंगवले तरी जोड दिसत नसे.

ओढताना मात्र याच सोयीचे दोन उलटे परिणाम होत. ठिपक्यांची बाह्यरेषा एक्सॉरने राखाडी पार्श्वभूमीवरून सरकवली, तर दोन्ही नक्ष्यांची मांडणी कायम जुळलेली राही आणि रेषा स्थिर दिसे. तीच नक्षी रेषेबरोबर हलली असती, तर आडवी रेषा एक पिक्सेल बाजूला सरकताच पांढऱ्याची काळी झाली असती. भरलेल्या आकृतीचे नेमके उलटे. ती नव्या जागी पुन्हा रंगवली की कडा पुढे सरकत आणि आतली नक्षी जागीच थांबे. जाळीमागून काहीतरी सरकते आहे असा भास होई. यावर दोन मार्ग होते: सरकण्याच्या अंतराला आठने भागून उरलेल्या बाकीइतकी नक्षी फिरवून घ्यायची, किंवा आकृती नव्याने न रंगवता तिचे पिक्सेलच उचलून न्यायचे. मॅकपेंट या मॅकिंटॉशवरच्या चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये चित्र आधी मेमरीत तयार होई आणि मग एकदम पडद्यावर उतरे. म्हणूनच तिथे लुकलुक नव्हती.

भारतातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना हे प्रश्न मॅकिंटॉशवर भेटले नाहीत. त्यांची गाठ पडली ती आयबीएमसुसंगत पीसीवर, आधी जीडब्ल्यू-बेसिकमध्ये आणि मग टर्बो सीमध्ये. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये चित्र ठेवण्याची पुट ही आज्ञा काही न सांगता एक्सॉरच करी. टर्बो सीमध्ये गेटइमेज आणि पुटइमेज ही जोडी होती, आणि आठ बाइटांची स्वतःची नक्षी देण्याची सोयही. ‘लेट अस सी’ या पुस्तकामुळे देशभर ओळखले गेलेले नागपूरचे यशवंत कानेटकर यांनी सीमधल्या ग्राफिक्सवर ‘ग्राफिक्स अंडर सी’ हे स्वतंत्र पुस्तक लिहिले. एरवी अभ्यासक्रमात वर्तुळ-रेषांच्या अल्गोरिदमवरच भर असे.

रंगीत पडद्यावर एक्सॉर उघडा पडे. सोळा रंगांत लाल म्हणजे ४ आणि पिवळा म्हणजे १४. त्यांचा एक्सॉर १०, म्हणजे फिकट हिरवा. लाल आकृती पिवळ्या पट्ट्यावरून नेली की ती हिरवी होई. म्हणून जाणकार खालचा भाग आधी जपून ठेवत, मग मुखवट्याने आकृतीपुरती जागा काळी करत आणि तिच्यात आकृती बसवत. यात एक हमखास चूक होई: माउसचा बाण लपवायचा राहून जाई. बाणही पडद्याच्या मेमरीतच काढलेला असल्यामुळे तो जपलेल्या भागात उतरे आणि वाटभर बाणांचे तुकडे सांडत जात.

लुकलुक घालवायची तर दोन पाने हवीत: एक दिसणारे, एक रंगवले जाणारे. टर्बो सीच्या व्हीजीए ड्रायव्हरवर ६४० × ४८० मध्ये एकच पान मिळे, ६४० × ३५० वर उतरले तर दोन. स्पष्टता की सफाई, असा हा सौदा होता. ज्यांना दोन्ही हवे असे ते पडद्याच्या उभ्या परतीच्या, म्हणजे किरण तळापासून पुन्हा वर जाण्याच्या, क्षणाची वाट पाहून तेवढ्यात काम उरकत.

विंडोज ९५ मध्येही खिडकी ओढताना सुरुवातीला ठिपक्यांची चौकटच हले. आतल्या मजकुरासह खिडकी सरकवण्याची सोय प्लस! या वेगळ्या पॅकमधून आली. पुढे २००१ च्या मॅक ओएस एक्सपासून प्रत्येक खिडकीला स्वतःची मेमरी मिळाली. नक्षी खिडकीच्या मेमरीत एकदा रंगवली की ओढताना ती पुन्हा रंगवण्याची गरज राहिली नाही, आणि एक्सॉरचीही नाही.