अंडी उबवणे, कोंबडीची (घरगुती)

कोंबडीच्या फलित अंड्याला २१ दिवस ऊब, ओलावा आणि हवा देऊन पिल्लू काढण्याची क्रिया. गावाकडे हिला ‘रवण’ म्हणतात. अंडी घालायचे थांबवून अंड्यांवरच बसून राहणारी कोंबडी ती ‘खुडूक’, आणि तिच्याखाली अंडी मांडणे म्हणजे ‘रवणीला बसवणे’. आता अनेक घरांत थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावूनही पिले काढतात. दोन्हीकडे सगळे बोलणे उबेचे चालते. पण ऊब साधणे त्यामानाने सोपे आहे. पूर्ण वाढलेली पिले शेवटच्या दोन-तीन दिवसांत कवचाच्या आत मरतात, ती पुष्कळदा अंड्यातले पाणी कमी किंवा जास्त आटल्यामुळे. म्हणून या नोंदीत पाण्याला जास्त जागा दिली आहे.

सुरुवात अंड्यापासून. दुकानातली पॉल्ट्रीची अंडी उबत नाहीत, कारण त्या कोंबड्यांत कोंबडाच ठेवलेला नसतो. घरी आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ आणि न तडकलेली घ्यावीत. मळलेले अंडे धुऊन घेण्याचा मोह टाळावा: कवचावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो, तो पाण्याने निघतो आणि जंतूंना छिद्रे मोकळी होतात. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोलसर अंड्यातून तलंग निघते, असे अनेक घरांत मानतात. त्यात तथ्य नाही. पिल्लाचे लिंग कोंबडीच्या बीजातच ठरलेले असते आणि कवचाच्या घडणीशी त्याचा संबंध नाही.

अंडी साठवताना टोक खाली ठेवावे आणि सात दिवसांच्या आत रवणीला लावावीत. तापमान साधारण २१ अंश सेल्सिअसच्या वर गेले की आतला गर्भ हळूहळू वाढू लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात फळीवर ठेवलेले अंडे दुपारी वाढीला लागते, रात्री मंदावते, आणि अशा धरसोडीत गर्भ दुबळा होऊन मरतो. फ्रीजमधली थंडीही त्याला सोसत नाही. ओल्या वाळूत बसवलेले मडके आणि आत कोरडे कापड ही जुनी सोय उन्हाळ्यात खरोखर चांगली आहे. शक्य असेल तर रवण हिवाळ्यातच धरावी.

खुडूक कोंबडी ओळखू येते. खुराड्यात हात घातला की ती पिसे फुलवते, घशातून खरखरीत आवाज काढते, प्रसंगी हातावर चोच मारते, पण जागा सोडत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्याने हा बदल होतो. छातीखालची पिसे गळून उघडी कातडी अंड्यांना थेट टेकते. दिवसातून एकदा ती थोडा वेळ उठते, दाणे टिपते, पाणी पिते आणि परतते. उरलेला वेळ चोचीने अंडी सरकवत, फिरवत बसलेली असते. गावठी कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवावीत. जास्त ठेवली तर कडेची अंडी उघडी पडतात. टोपलीत पेंढ्याखाली राख आणि कडुनिंबाचा वाळका पाला घालतात. उवा-गोचिड्यांनी बेजार झालेली कोंबडी रवण मोडते, म्हणून ही खबरदारी. सुरुवात संध्याकाळी करावी, अंधारात कोंबडी लवकर स्थिरावते. वीज कडाडली की अंडी बिघडतात, या समजुतीने काही घरांत टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवतात. त्याने नुकसान काही होत नाही.

कोंबडीविना अंडी उबवणे नवे नाही. प्राचीन इजिप्तमध्ये विटांच्या मोठ्या भट्ट्यांत अंडी उबवत, आणि तिथले कारागीर अंडे पापणीला टेकवून उबेचा अंदाज घेत. तापमापीशिवाय केलेले हे काम मला या विषयातले सर्वांत मोठे कौशल्य वाटते. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७४९ साली पिले काढण्याच्या कृत्रिम पद्धतींवर ग्रंथ लिहिला. अंड्यांसाठी वाढवलेल्या लेगहॉर्नसारख्या जातींतून खुडूक होण्याची सवय निवड करकरून जवळजवळ घालवली गेली आणि यंत्राखेरीज मोठा व्यवसाय चालेनासा झाला. महाराष्ट्रात पशुसंवर्धन खात्याचे एक मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र पुण्यात खडकी येथे आहे. खासगी क्षेत्रात वेंकटेश्वरा हॅचरीज १९७१ साली सुरू झाली.

घरच्या पेटीला बल्ब, थर्मोस्टॅट, संगणकातला छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि हवेसाठी भोके एवढे पुरते. पंखा असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे. पंखा नसेल तर ऊब वर साचते, म्हणून अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजून ३८.५ अंशांच्या आसपास. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको: तापाचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांजवळ ठेवून ताळा पाहावा. वीज गेली तर झाकण न उघडता पेटीवर गोधडी टाकावी. गार होणे गर्भ काही तास सोसतो, ४० अंशांच्या वरची ऊब मात्र त्याला फार लवकर मारते. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून रोज तीन किंवा पाच वेळा फिरवावे, नाहीतर गर्भ पापुद्र्याला चिकटतो. संख्या विषम ठेवल्याने रात्रीचा लांब वेळ रोज वेगळ्या बाजूवर जातो. अठराव्या दिवसानंतर फिरवणे बंद.

आता पाणी. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. जेवढे पाणी जाते तेवढी अंड्याच्या बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी होते. पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचे वजन साधारण १२ टक्के घटायला हवे. ४५ ग्रॅमचे गावठी अंडे अठराव्या दिवशी साडेएकोणचाळीस ग्रॅमच्या आसपास आले तर सारे ठीक चालले आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर दोन-चार अंडी मध्येमध्ये तोलावीत. आर्द्रतामापकापेक्षा हा पुरावा भरवशाचा. सर्वसाधारणपणे ५० ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात, पण तो आकडा सगळीकडे सारखा लागू करण्यात चूक आहे. पावसाळ्यातल्या कोकणात हवाच इतकी ओली असते की वाटीभर पाण्याने अंडे हवे तेवढे आटत नाही. पोकळी लहान राहते, पिल्लू फुगीर होते, त्याला आत वळायला जागा मिळत नाही आणि शेवटी ते ओलीतच गुदमरते. तिथे सुरुवातीचे अठरा दिवस पेटीत पाणी न ठेवणेच बरे. उन्हाळ्यातल्या मराठवाड्यात उलटे: वाटी दोनदा भरूनही अंडे जास्त आटते, पिल्लू खुरटते आणि पापुद्रा त्याच्या अंगाला चिकटतो.

आतले पाहायचे तर सातव्या रात्री खोली अंधारी करावी आणि मोबाईलच्या टॉर्चवर मूठ धरून मुठीच्या भोकावर अंड्याचे बोथट टोक टेकवावे. अंडे नारिंगी उजळते. मध्ये एक काळसर ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या तांबड्या शिरा दिसल्या की गर्भ जिवंत आहे. जरा थांबले तर ठिपका हललेला दिसतो. नुसता पिवळा उजेड दिसला तर अंडे वांझ. तांबडे कडे दिसले तर गर्भ सुरुवातीलाच मेला, आणि ते अंडे काढून टाकावे, कारण नासले की पेटीत फुटू शकते. पोकळीची कड पेन्सिलने आखावी. चौदाव्या आणि अठराव्या रात्री नवी कड आखली की आटण्याचा वेग कवचावरच दिसतो.

अठराव्या दिवसापासून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी आणि झाकण बंद ठेवावे. या दिवसांत पिल्लू चोच पोकळीत घुसवून पहिला श्वास घेते. कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. मग चोचीवरच्या छोट्या टोकदार दातासारख्या उंचवट्याने ते कवचाला पहिला टवका पाडते आणि थांबते. हा विसावा १२ ते २४ तासांचा असू शकतो, आणि घरचे लोक नेमके इथेच धीर सोडतात. तेव्हा पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतले रक्त आत ओढले जात असते आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात जात असतो. कवच सोलून ‘मदत’ केली की पापुद्रा फाटतो, रक्त वाहते आणि सुटलेले पिल्लू तासाभरात मान टाकते. झाकण वारंवार उघडले तरी ओल निघून जाते आणि पापुद्रा चामड्यासारखा आवळतो. सगळे ठीक असेल तर पिल्लू गोल फिरत बोथट टोकाभोवती कवच कापते, टोपी उचलावी तसे ते ढकलते आणि ओलेचिंब बाहेर पडते. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस दाण्याविना काढू शकते. म्हणून पूर्ण वाळून लोकरीसारखे फुलेपर्यंत पेटीतच राहू द्यावे, मग ३५ अंशांच्या उबेत हलवावे.

तेविसाव्या दिवशी न फुटलेली अंडी घराबाहेर नेऊन एकेक फोडून पाहावीत. पूर्ण वाढलेले पण ओले, फुगलेले पिल्लू आणि लहान पोकळी दिसली तर पुढच्या वेळी वाटी रिकामी ठेवायची. चिकटलेला, कोरडा पापुद्रा असेल तर वाटी मोठी घ्यायची. खुडूक कोंबडी मात्र इतके दिवस वाट पाहत नाही. पोटाखालची पिले चुळबुळ करत बाहेर डोकावू लागली की ती त्यांना घेऊन टोपलीतून उतरते, आणि राहिलेली अंडी तिथेच पेंढ्यात गार होतात.