हुनर होते, वाट दाखवणारा नव्हता

महाराष्ट्रातल्या मुसलमानांची आडनावे ओळीने वाचली तरी जुन्या व्यवसायांचा एक नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी, मणियार, शिकलगार, मोमीन, खाटीक, मुलाणी. यांतले कुणी गावगाड्यात होते, कुणी पेठेत, कुणी बाजाराच्या दिवशी गावोगाव फिरणारे. आडनाव हीच ओळख होती आणि पोराने मोठेपणी काय करायचे याचे उत्तरही त्यातच होते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली बसे. आधी झाडलोट, मग हत्यारे हातात देणे, मग सोपे काम आणि शेवटी उस्तादाच्या नजरेखाली पूर्ण वस्तू. वर्ग, परीक्षा आणि नोकरी या तिन्ही गोष्टी एकाच ओट्यावर उरकत.

आज दहावीच्या वर्गात बसलेला आमचा मुलगा किंवा मुलगी 'पुढे काय?' असे विचारते, तेव्हा घरात बहुधा शांतता असते. ज्या घरात काका वकील, मामा इंजिनिअर, आत्या प्राध्यापक असते, तिथे जेवता जेवता चार वाटा कळून जातात. आमच्या बहुसंख्य घरांत ही माणसे नव्हती आणि अजूनही पुरेशी नाहीत. त्यांचे काम कुणी करायचे, हा प्रश्न मात्र दहावीच्या बोर्डाइतका अलीकडचा नाही. तो सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे. त्याचा मागोवा घेतला तर आपण कुठे अडलो ते नीट दिसते.

व्यवसाय बदलणे आपल्या लोकांना जमत नव्हते असे मुळीच नाही. मिरजेचे शिकलगार हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणारी ही कारागीर मंडळी. इंग्रजी अंमलात हत्यारांचे काम ओसरले. त्याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, मिरजेत पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने संगीत नांदत होते. गवयांची वाद्ये दुरुस्तीला येऊ लागली आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी ती दुरुस्त करता करता नवी घडवायला सुरुवात केली. पंढरपूर भागातला भोपळा आणि शिकलगारांचा हात यांतून मिरजेची सतार व तंबोरा देशभर गेला. इथे हुनर होतेच. शिवाय नवी गरज कोणती, गिऱ्हाईक कोण, हे दाखवणारे दरबारातले आणि गाण्यातले लोक हाताच्या अंतरावर होते. म्हणून वाट सापडली. पिंजाऱ्याला असा दरबार भेटला नाही. 1857 नंतर उत्तरेतून मालेगाव-भिवंडीकडे आलेल्या मोमीन विणकरांनाही भेटला नाही. हातमागाचा यंत्रमाग झाला, पण पोरगा त्याच मागावर कांड्या भरत राहिला.

सरकारने या प्रश्नात हात घातला तो 1882 मध्ये. हंटर आयोगाच्या 1883 च्या अहवालात आपल्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, मुसलमानांच्या शिक्षणाला खास उत्तेजन द्यावे अशी शिफारस. दुसरी, हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात : एक विद्यापीठाकडे नेणारी आणि दुसरी व्यापार-उदीम व व्यवहारोपयोगी कामांसाठी मुलांना तयार करणारी. म्हणजे आज ज्याला व्यवसाय शिक्षण म्हणतात त्याची कल्पना आणि मुसलमानांच्या शिक्षणाची चिंता एकाच अहवालात शेजारी शेजारी बसली होती. याच आयोगापुढे महात्मा फुल्यांनीही आपले निवेदन दिले. चालू शिक्षण अव्यवहारी आहे, त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे निपजतात, असा त्यांचा रोख होता. मुसलमान मुले या शाळांपासून दूर राहतात, हेही त्यांनी नोंदवले होते.

दुसरी शाखा रुजली नाही. कारण साधे होते. सरकारी कचेरीचा दरवाजा मॅट्रिकच्या दाखल्याने उघडे. व्यावहारिक शाखेच्या दाखल्याने काय उघडते, हे कुणी सांगू शकत नव्हते. पालक अडाणी असतील, पण कोणत्या कागदाला बाजारात किंमत आहे हे त्यांना बरोबर कळत होते.

मुंबईत 1874 साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली होती. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे सहकारी मुलांनी इंग्रजी शिक्षण घ्यावे म्हणून झटले. 1880 मध्ये शाळा निघाली, 1893 मध्ये बोरीबंदर स्टेशनासमोरची ती देखणी इमारत उभी राहिली. तय्यबजींपुढे स्वतःचे उदाहरण होते. 1867 साली मुंबई हायकोर्टात उभा राहिलेला पहिला हिंदी बॅरिस्टर म्हणजे तेच. त्यांच्या पिढीची श्रद्धा अशी की शाळा निघाली की बाकीचे आपोआप घडेल. व्यापारी, श्रीमंत घरांतल्या मुलांचे घडलेही. पण खलाशाचा, विणकराचा, भिस्त्याचा मुलगा शाळेत आला, चार इयत्ता शिकला आणि पुन्हा घरच्या कामाला लागला. त्याला नापास होण्याआधीच वाटा संपल्या होत्या.

या अनुभवातून पुढे हुनर शाळेतच आणण्याचा विचार बळावला. हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाने भायखळ्यात 1936 साली सुरू झालेली तांत्रिक संस्था ही त्या विचाराची मोठी खूण. यंत्र, वीज, मोटार या नव्या जगातली कामे आमच्या मुलांना शिस्तीने शिकवणारी. पुढे तिथे पॉलिटेक्निक झाले, इंजिनिअरिंग कॉलेज झाले. हजारो कुटुंबांची रोजी या एका संस्थेने बदलली.

कोकणात याच काळात वेगळी गोष्ट घडत होती. रत्नागिरी-कुलाबा जिल्ह्यांतल्या आमच्या गावांतून पिढ्यान्पिढ्या माणसे बोटीवर जात. खलाशी, टंडेल, सारंग. सारंगाच्या शब्दावर गावातली पोरे भरती होत, म्हणजे वाट दाखवणारा घरचाच होता. पण तो स्वतः जिथवर पोचला तिथवरचीच वाट दाखवू शके. 1927 मध्ये मुंबई बंदरात 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज उभे राहिले आणि हिंदी मुलांना बोटीवरचे अधिकारी होण्याचा दरवाजा उघडला. त्यासाठी इंग्रजी शाळेचा पाया लागे. समुद्राची सर्वांत जास्त सवय ज्या घरांना, त्यांच्यापर्यंत ही खबर त्यांना समजेल अशा भाषेत आणि वेळेवर कुणी न्यायची, याची व्यवस्था नव्हती.

मग 1937 चे वर्धा. ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या पुढाकाराने परिषद भरली आणि मूलोद्योगातून शिक्षण देण्याची योजना आखायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. सात ते चौदा वर्षांच्या मुलांनी सूतकताई, सुतारकाम, शेती अशा उद्योगाभोवती सर्व विषय शिकावेत, अशी ती 'नई तालीम'. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेवर फार भर देण्यात धोका आहे, हे झाकिरसाहेबांनी ओळखले होते. कारागिराच्या मुलाने शाळेतही फक्त कमवावे, तर मग शाळा कशाला, ही ती भीती. दुर्दैवाने त्या काळच्या राजकारणाने ही चर्चा होऊ दिली नाही. मध्य प्रांतातल्या 'विद्या मंदिर' योजनेच्या नावावरूनच वाद पेटला, मुस्लिम लीगच्या 1938 च्या पीरपूर अहवालात तिच्यावर टीका झाली, आणि एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाने आखलेली तालीम आमच्यातल्याच अनेकांना परकी वाटू लागली.

आतापर्यंतच्या सगळ्या प्रयत्नांत एक गोष्ट समान आहे. हुनर शिकवण्याचा विचार झाला. पण कोणत्या मुलाने कोणते हुनर शिकावे, त्याला काय आवडते, काय झेपते, आणि त्या हुनराला कुठे मागणी आहे, हे बसून सांगण्याचा विचार झाला नाही. हे दुसरे काम आमच्याच शहरात एका छोट्या समाजाने हाती घेतले. 1947 मध्ये मुंबईच्या पारशी पंचायतीने व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. मुलांच्या क्षमतेच्या चाचण्या, पालकांशी बोलणे, व्यवसायांची माहिती. ज्या समाजात वकील, डॉक्टर, कारखानदार घरोघर होते, त्यालाही मुलांना वाट दाखवणारे वेगळे केंद्र हवेसे वाटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. 1950 मध्ये मुंबई सरकारनेही असे केंद्र काढले. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा आणि शाळाशाळांत मार्गदर्शन यांची शिफारस केली. 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणला. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा झाला, आयटीआय निघाल्या. कागदावर सर्व होते. मोहल्ल्यातल्या हायस्कुलात मात्र मार्गदर्शक शिक्षक नव्हता, आणि कार्यानुभवाच्या तासाला खडू किंवा कागदी फुले झाली.

1973 नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाताचा दरवाजा उघडला. कोकणातून वेल्डर, इलेक्ट्रिशियन, फिटर, ड्रायव्हर गेले. इथेही व्हिसा आणणारा गाववालाच वाट दाखवणारा होता. घरे पक्की झाली, शाळा-मदरशांना देणग्या आल्या. पण नववीतला मुलगा पासपोर्टाचे वय कधी होते याची वाट पाहत पुस्तकावरून मन काढू लागला, ही तिची दुसरी बाजू.

नोव्हेंबर 2006 मधल्या सच्चर समितीच्या अहवालाने सगळ्याचा हिशोब मांडला. सहा ते चौदा वयाची आमची सुमारे 25 टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच गळली होती. सर्व मुले मदरशात जातात हा समज खोटा ठरला. मदरशात जाणाऱ्यांचे प्रमाण अवघे तीन टक्क्यांच्या आसपास निघाले. कामकऱ्यांपैकी सुमारे 61 टक्के लोक स्वयंरोजगारात होते, म्हणजे उस्तादाच्या ओट्यावरून आपण फार दूर आलोच नव्हतो. त्यानंतर कौशल्य विकासाची भाषा सुरू झाली. ती चुकीची नाही. पण आमच्या मुलांसाठी योजना म्हटली की गॅरेज, प्लंबिंग आणि शिवण क्लास एवढेच सुचावे, यात जुनी आडनावेच नव्या सर्टिफिकेटवर छापली जाण्याचा धोका आहे. मुलींच्या बाबतीत तर तो दुप्पट. दहावीला मुलाहून चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीला शिवणयंत्र दाखवून आपण मोकळे होतो.

2016 मध्ये महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली. शेती, कला, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक अशा क्षेत्रांतला कल सांगणारा कागद मुलांच्या हाती आला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांच्याजवळ शिकायला सांगितले. गंमत पाहा, ज्या कारागिराच्या मुलाला शाळेने कारागिरी विसरायला लावली, त्याच कारागिराकडे आता शाळा जाणार आहे. आमच्या वस्तीतल्या उस्तादांना हा मान मिळाला तर आनंदच आहे. पण कलाचा कागद वाचून दाखवणारे आणि पुढच्या फॉर्मपर्यंत सोबत येणारे माणूस नसेल, तर तो कागद ट्रंकेत जाऊन पडतो.

म्हणून या इतिहासातून आपण घ्यायचे ते एवढेच : सरकारची योजना येवो न येवो, वाट दाखवण्याचे काम आपल्या अंजुमनांनी, शाळांनी, माजी विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. आठवी उत्तीर्ण मुलाला आयटीआयचे काही व्यवसाय खुले असतात, दहावीनंतरचा डिप्लोमा पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला नेऊ शकतो, शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते, या साध्या गोष्टी नववीतच कळायला हव्यात. वस्तीतली नर्स, तलाठी, बँकेतला कारकून, लॅब टेक्निशियन, वकील यांनी वर्षातून एक तास शाळेत जाऊन आपण इथवर कसे आलो ते सांगावे. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीला कसे बसायचे, पहिल्या पगाराची पावती कशी वाचायची, हेही त्याच तासात बसते. त्याला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. आणि मुलीही त्याच तासाला, त्याच बाकावर बसल्या पाहिजेत.

मिरजेच्या शिकलगाराला तलवारीकडून सतारीकडे जायला एक दरबार पुरला होता. आपल्या मुलांसाठी आता तो दरबार आपल्यालाच भरवावा लागेल, आणि तो दहावीच्या निकालानंतर नाही, निदान दोन वर्षे आधी.